पिशवीखालची अक्षरं

मी एक स्टँड आहे. सलाईनची बाटली टांगतात तो. एक लोखंडी दांडा, वर दोन आकडे, खाली चार पाय. सध्या मी राजनाला कालव्याच्या कडेला एका भातखाचराच्या बांधावर उभा आहे आणि माझ्या आकड्यांना रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या आहेत. वाऱ्यानं त्या फडफडतात, पाखरं बिचकतात. येणारे जाणारे मला बुजगावणं समजतात. समजू देत. मला जे बोलायचं आहे ते मी बोलून घेतो, कारण ज्यानं ते बोलायला हवं तो बोलत नाही.

मला चौक गावात बनवलं. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर धाब्यांच्या ओळीत वेल्डिंगचं एक दुकान होतं. माझ्या शेजारी खिडक्यांच्या जाळ्या, धाब्याची टेबलं आणि एका ट्रकचा तुटलेला मडगार्ड पडलेला असे. पदू नावाच्या वेल्डरनं माझे आकडे वळवले, स्वतःचा जेवणाचा डबा त्यांवर टांगून पाहिला आणि मालकाला म्हणाला, "शेठ, आजाऱ्याची बाटली काय, आख्खा आजारी टांगला तरी वाकायचा नाय." मग मला पांढरा रंग लागला आणि टेंपोतून मी कर्जतला गेलो.

कर्जतच्या एका डायलिसिस केंद्रात प्रत्येक खाटेशेजारी एक मशीन होतं. खिडकीजवळच्या मशीनची दांडी मोडलेली होती, म्हणून मला तिथं उभं केलं. त्याच खाटेवर आठवड्यातून तीनदा ललिता येऊ लागली.

ललिता कशेळ्याच्या अलीकडच्या एका गावची. पन्नाशी ओलांडलेली, उंच, मोठ्या आवाजाची. नवरा विलास भातशेती करायचा, पावसाळ्यात एक पीक आणि कालव्याच्या पाण्यावर उन्हाळ्यात दुसरं. मुलगा रूपेश गुजरातेत एका कंपनीत होता आणि सून समिधा घरी. रक्तदाबानं ललिताची दोन्ही मूत्रपिंडं निकामी केली होती. सकाळच्या जीपनं ती नवऱ्याबरोबर यायची आणि दुपारच्या जीपनं परत जायची. येताना सुजलेली, जाताना पिळून काढलेली.

पहिल्या दिवशी तिनं टेक्निशियन साईनाथला विचारलं, "रगत बाहेर काढणार, मग माघारी माझंच देणार का दुसऱ्या कुणाचं?"

"तुमचंच, काकू. हॉटेलातल्या कपावानी अदलाबदल नाय करत आमी."

साईनाथनं हातभर लांबीचं पारदर्शक नळकांडं उजेडात धरलं. त्याच्या आत केसाहून बारीक अशा हजारो नळ्या होत्या. तो म्हणाला, "ह्या नळ्यांच्या आतून तुमचं रक्त जाणार. बाहेरून औषधी पाणी उलट्या दिशेनं वाहणार. नळीच्या भिंतीला भोकं हायेत, पण इतकी बारीक की रक्तातल्या पेशी पलीकडं जात नाहीत. जो कचरा मूत्रपिंडानं लघवीतून टाकायचा, तो त्या भोकांहून बारीक. जिथं गर्दी हाय तिथनं तो रिकाम्या जागेकडं आपसूक सरकतो. अंगात साठलेलं जास्तीचं पाणी मशीन ओढून घेतं."

"आणि चार तासांनी मी बरी?"

"परवापर्यंत."

ती हसली. "म्हंजे घरातला केर. आज काढा, उद्या हायेच."

विलास तिच्या पायाशी स्टुलावर बसायचा आणि त्या लाल नळ्यांकडे बघत राहायचा. रक्त जाताना दिसायचं, फिरून येताना दिसायचं. शेवटी नळकांडं धुवायला काढलं की त्याच्यावर लाली राहिलेली दिसायची. हे औषध त्याला पटलं होतं. माणसं मी बरीच पाहिली. डोळ्यांना जे दिसतं त्यावर त्यांचा विश्वास लवकर बसतो, आणि तोच शेवटी नडतो.

ललिताच्या डाव्या हातात मनगटाच्या वर डॉक्टरांनी एक धमनी आणि एक शीर जोडून दिली होती. सुया तिथं टोचायच्या. त्या जागेवर बोट ठेवलं की आत गुणगुण लागायची. ललिता त्याला भुंगा म्हणायची. भुंगा जिवंत ठेवायचा तर त्या हातानं ओझं उचलायचं नाही, त्यावर भार देऊन झोपायचं नाही आणि त्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत. म्हणून हिरव्या बांगड्या सगळ्या उजव्या हातात आणि डावा हात मोकळा. केंद्रात ते कुणाला जाणवत नसे. पण जीपमधून उतरताना तिचा पदर नेहमी डाव्या हातावरून घेतलेला असायचा.

गौरी आल्या आणि विलासची बहीण नंदा माहेरपणाला आली. पुढचं मी ललिताच्या तोंडून ऐकलं. दारात कासार बसला होता. नंदा म्हणाली होती, "वहिनी, गौरीपुढं सवाष्ण अशी एका हातानं उभी राहती का गं? माझा दादा जित्ता हाय ना?"

बायका हसल्या होत्या. ललितानं डावा हात कासारापुढे केला. हात सुजलेला होता, तरी त्यानं दाबून दाबून बांगड्या चढवल्या.

सण उरकून ती केंद्रात आली. साईनाथनं मनगटाच्या वर बोटं ठेवली, मग कान लावला, मग स्टेथोस्कोप.

"भुंगा गेला ना रं?" ललितानं विचारलं.

"बांगड्यांनीच गेला असं नाय, काकू. बीपी उतरलं तरी रक्त गोठतं," साईनाथ म्हणाला. बांगड्या काढायला तो साबणाचं पाणी आणायला गेला. परत येऊन हलक्या हातानं बांगड्या सोडवताना त्यानं पुढचं वाक्य बोलून टाकलं, "पण घालायच्या नव्हत्या."

नंदा तोवर आपल्या घरी पोचली होती.

मानेत नळी घालून काही आठवडे भागवलं. दुसरा भुंगा तयार करण्याजोग्या शिरा उरल्या नव्हत्या. पनवेलच्या डॉक्टरांनी पोटाचा डायलिसिस सुचवला. ललिताला आणि विलासला तो साईनाथनं समजावून सांगितला.

"पोटात आतड्यांवर आपलंच एक पातळ अस्तर असतं. नळकांड्याचं काम तेच करतं. एक मऊ नळी पोटात कायमची बसवायची. तिच्यातून साखरेचं पाणी आत सोडायचं आणि काही तास तसंच ठेवायचं. अस्तरातल्या बारीक रक्तवाहिन्यांमधला कचरा त्या पाण्यात उतरतो. साखर जास्तीचं पाणी ओढून घेते. मग ते सगळं बाहेर काढायचं आणि नवं सोडायचं. दिवसातनं चारदा, घरच्या घरी."

"मशीन नाय?" विलासनं विचारलं.

"नाय. मशीन जे चार तासांत घाईनं करतं, ते पोट दिवसभर सावकाश करतं."

"सुया?" ललितानं विचारलं.

"नाय."

"बांगड्या?"

साईनाथनं तिच्या मोकळ्या डाव्या हाताकडे बघितलं. "दोन्ही हातांत घाला, काकू."

"मग चालंल," ती म्हणाली. डॉक्टरांना वाटलं, जीपची दगदग वाचली म्हणून बाई तयार झाली.

केंद्रात तोवर स्टीलचे नवे स्टँड आले होते. "हा भंगारातच जाणार, तुमी न्या काका," म्हणत साईनाथनं मला विलासच्या हवाली केलं. जीपच्या टपावर, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी आडवा पडून मी गावाला गेलो.

घरात माझ्यासाठी एक खोली रिकामी केली होती. भाताची पोती पडवीत गेली आणि त्यांच्या जागी औषधी पाण्याच्या पिशव्यांची खोकी आली. समिधा पनवेलला राहून सगळं शिकून आली होती. ती खालापूरकडची, बारावी झालेली, कमी बोलणारी. पंखा बंद, दार बंद, तोंडाला मास्क, कोपरापर्यंत हात धुतलेले. नवी पिशवी विजेच्या पॅडवर कोमट करून माझ्या आकड्याला, रिकामी पिशवी खाली परातीत. आधी पोटातलं पाणी खाली उतरायचं, मग वरचं पोटात.

पाणी उतरून झालं की समिधा खालची पिशवी उचलून उजेडात धरायची. मग तिच्याखाली वर्तमानपत्राचा तुकडा ठेवून मोठ्यानं वाचायची, "कर्जत तालुक्यात भाताची विक्रमी..." अक्षरं वाचता आली म्हणजे पाणी नितळ.

"रोज तीच बातमी वाचती," ललिता म्हणायची. "पेपर तरी बदल गं."

वरची पिशवी आणि खालची पिशवी हा प्रकार विलासला लगेच कळला. आमच्या खिडकीतून भिवपुरीच्या वीजघराचे डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसायचे. त्यांच्याकडे बोट करून तो म्हणाला, "तसंच की हे. वरनं पाणी येतं, मधी काम करतं, खाली निघून जातं."

"बरोबर, बाबा."

"पण तिथं काम केलेलं दिव्यात दिसतं. हितं काय दिसतं? जसं सोडलं तसंच बाहेर."

"जरा पिवळसर येतं ना? तोच कचरा. साखरेसारखा विरघळलेला असतो, म्हणून दिसत नाही."

"जो दिसत नाय तो निघाला कशावरनं?"

रक्ताच्या तपासण्या चांगल्या येत होत्या, त्या तिनं दाखवल्या. विलासनं मान हलवली. पण त्या मान हलवण्यात होकार नव्हता. नळ्यांमधून फिरणारं लाल रक्त तो विसरला नव्हता. सासुरवाडीचा कुणी माणूस भेटायला आला की तो म्हणायचा, "मशीन ते मशीन. हे आपलं नुसत्या पाण्यावर चाललंय."

ललिता मात्र सुधारली. अंगाची सूज उतरली. दोन्ही हातांत बांगड्या आल्या आणि ती चुलीपाशी वावरताना त्यांचा आवाज माझ्यापर्यंत यायचा. उन्हाळी भाताच्या वेळी ती बांधावर जाऊन बसली आणि तिथून विलासला सूचना करत राहिली. त्या काही महिन्यांत मला वाटलं होतं, पदूनं मला चांगल्या कामासाठी घडवलं.

पावसाळ्याच्या तोंडाला समिधाचे दिवस भरत आले. ती जायला तयार नव्हती. ललितानंच तिला हुसकलं. "पहिलं बाळंतपण माहेरीच. माझ्या पोटातलं पाणी तुझ्या सासऱ्याला काढता येतं. तुझ्या पोटातलं पोर नाय काढता यायचं."

जायच्या आधी समिधानं विलासकडून सगळं घोटून घेतलं. त्याच्या हातांना वळण होतं, तो चटकन शिकला. तिनं तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पिशवी गरम पाण्यात बुडवायची नाही. मास्क काढायचा नाही. "आणि बाबा, खाली पेपर ठेवून बघायचं. अक्षरं दिसली नाहीत तर लगेच मला फोन, रात्र असो की दिवस."

विलासनं ते सगळं पाळलं. हे मी मुद्दाम सांगतो. शेतातून आला की नखांतला चिखल काडीनं काढायचा, हात चोळचोळून धुवायचा. समिधाला मुलगी झाल्याचा फोन आला, तेव्हाही त्यानं आधी ललिताचं पाणी पुरं केलं आणि मग साखर वाटली.

मग वारा सुटला, तारांवर झाड पडलं आणि गावाची वीज गेली. समोर भिवपुरीच्या वीजघराचे दिवे दिसत होते आणि आमच्या घरात कंदील होता. पॅड गरम होईना. विलासनं पिशवी गोधडीत गुंडाळून ठेवली, पण पाण्याचा गारवा जाईना. ते पोटात शिरलं तशी ललिता कुडकुडायला लागली, दात वाजायला लागले. ते त्याला बघवलं नाही. पुढच्या वेळी त्यानं चुलीवरच्या हंड्यात पिशवी बुडवली, पुसली आणि माझ्या आकड्याला टांगली. तिच्या तोंडाशी नळीच्या जोडावर पाण्याचा एक थेंब राहिला होता. त्याला तो दिसला नाही. ललिताला ऊब मिळाली, ती म्हणाली, "आता कसं बरं वाटलं."

आजार तिथूनच शिरला की आणखी कुठून, ते मला ठाऊक नाही. दोन दिवसांनी दुपारी विलास शेतातून आला. चिखलणी चालू होती. तुम्ही पाहिली असेल. खाचरात पाणी साठवतात, नांगर फिरवून मातीचं लोणी करतात. पाणी पार गढूळ झालं की समजायचं, काम झालं, आता रोप लावायचं. नितळ पाणी राहिलं तर नांगर वरवर फिरला. हे विलासच्या हाडात मुरलेलं होतं.

ललिताच्या पोटातलं पाणी खाली उतरलं. विलासनं पिशवी उजेडात धरली. पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं. त्यानं खाली पेपर धरला. अक्षरं नव्हती.

तो बराच वेळ बघत राहिला. आणि मग, मी स्वतः पाहिलं, त्याचा चेहरा उजळला.

"अगं, निघालं बघ! इतके दिवस नुसतं पाणी येत होतं. आता विष सुटलंय."

ललितानं मान वळवून बघितलं. "खरंच की. मेलं, किती साठलं व्हतं. म्हणूनच पोटात दुखतंय वाटतं सकाळपासून."

"सुटताना दुखणारच. समिधा म्हणाली व्हती, अक्षरं दिसली नाय तर फोन कर."

"बाळंतीण हाय ती. चांगल्या बातमीला घाई कशाला? पोर घेऊन धावत सुटंल."

विलासनं बाहेर काढलेला फोन परत खिशात ठेवला.

संध्याकाळी समिधाचाच फोन आला. मागं बाळ रडत होतं. "बाबा, पाणी नीट येतंय ना?"

"येतंय की. पहिल्यापेक्षा चांगलं."

असं चार दिवस चाललं. पाणी दाट होत गेलं, ललिताचं पोट ताठ होत गेलं. ते विष नव्हतं. अस्तराला जंतूंनी धरलं होतं आणि त्यांच्याशी लढणाऱ्या पेशींनी पाणी गढूळ केलं होतं. हे त्या घरात फक्त एकीला माहीत होतं आणि ती खालापूरला होती. चौथ्या दिवशी ललिताला ताप चढला, ती भ्रमात बडबडायला लागली. तेव्हा गावच्या टेंपोत गादी टाकून तिला पनवेलला नेलं.

मी मागंच राहिलो. तिकडचं मी नंतर पडवीतल्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरांनी विलासला विचारलं, "असं पाणी कधीपासून येतंय?" विलास म्हणाला, "आज सकाळपासून." पोटाचं अस्तर कामातून गेलं होतं. चार तासांचं मशीन सोसेल इतका रक्तदाब उरला नव्हता. म्हणून तिला तिसऱ्या प्रकारच्या डायलिसिसच्या मशीनवर ठेवलं. ते दिवसरात्र चालतं आणि रक्त अगदी थेंबाथेंबानं साफ करतं. साईनाथ भेटायला गेला होता. त्यानं विलासला सांगितलं होतं, "काका, रक्त साफ होतंय. पण आता कचऱ्याचा प्रश्न नाय उरला, जंतू रक्तात पसरलेत." रूपेश गुजरातेतून पोचला त्या दिवशी ललिता गेली.

तिला घरी आणली. नवरा असताना गेलेली, म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवलं, मळवट भरला. नंदानं तिचे दोन्ही हात बांगड्यांनी भरले. अगदी कोपरापर्यंत. 

तेराव्याला पडवीत माणसं बसली होती. नंदा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "शिकून आली व्हती ना ही? मग सासूला टाकून माहेरी कशाला गेली? बाळंतपणं काय सासरी होत नाहीत? माझ्या दादानं भोळ्या माणसानं करायचं तरी काय काय?"

आत समिधा बाळाला पाजत होती. तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. विलास सुपारी कातरत होता. तो कातरत राहिला.

पावसाळा सरता सरता समिधानं उरलेली खोकी काढली. ती परत घ्यायला कुणी तयार नव्हतं. ती आणि विलास अंगणात बसून पिशव्या कापायला लागले, पाणी मोरीत सोडायला लागले. एक पिशवी कापण्याआधी तिनं सवयीनं पेपरावर ठेवली.

"बाबा, आईंच्या पिशवीखाली अक्षरं दिसत होती?"

विलासच्या हातातला विळा थांबला. "नाय."

"किती दिवस?"

"चार. चिखलणीवानी पाणी येत व्हतं गं. मला वाटलं, एकदाचं निघालं. ती पन खूश झाली व्हती."

"मी फोनवर विचारलं होतं."

"व्हय."

"डॉक्टरांनीही विचारलं असेल."

"त्यांना आजचंच म्हणालो. माझी जीभच वळली नाय."

समिधा रडली नाही. तिनं पुढची पिशवी कापली, पाणी वाहून जाऊ दिलं. मग शांतपणे विचारलं, "हे आत्यांना सांगाल का?"

विलासनं पुढची पिशवी ओढून तिच्यावर विळा चालवला.

दिवाळीत नंदा भाऊबीजेला आली. ओवाळून झाल्यावर तिनं तेच पुन्हा काढलं, सुनेनं सासूला टाकल्याचं. समिधानं विलासकडे बघितलं. विलास ताटातल्या पणतीकडे बघत होता. दुसऱ्याच आठवड्यात समिधा बाळाला घेऊन रूपेशबरोबर गुजरातेला गेली. जाताना ती माझ्या खोलीत आली. माझ्या आकड्यावरून तिनं एकदा हात फिरवला आणि दार ओढून घेतलं. गावात म्हणतात, बघा, आता सासऱ्यालाही टाकलं.

तिच्या मागं विलासनं मला उचलून इथं आणलं. कापलेल्या पिशव्या फेकायला त्याचा हात धजावला नव्हता, त्या त्यानं माझ्या आकड्यांना बांधल्या. उभ्या भाताची कापणी झाली, पाखरं गेली, मी राहिलो. आता कालव्याला पाणी सुटलं आहे आणि उन्हाळी भाताची चिखलणी सुरू आहे. ट्रॅक्टरवाला खाचरातून हाक मारतो, "विलासभाऊ, या की, पाणी बघा! झालं का गढूळ?"

"तुमीच बघा," विलास म्हणतो आणि पाठ फिरवून घरी जातो. शेतात पाणी गढूळ झालं म्हणजे काम झालं, हे अजूनही खरं आहे. पण ते बघणं त्याच्याच्यानं होत नाही.

तुमच्या घरी कुणाच्या पोटात असं पाणी सोडत असतील, तर बाहेर आलेली पिशवी उजेडात धरा. तिच्याखाली छापील कागद ठेवा. अक्षरं दिसली नाहीत तर वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा. आणि उशीर झालाच, माणूस गेलंच, तर ज्याच्यावर आळ आला आहे त्याच्यादेखत एवढं तरी म्हणा, की मला अक्षरं दिसली नव्हती आणि मी गप्प बसलो.

मी म्हटलंही असतं. पण मी लोखंडाचा दांडा आहे, मला फक्त पाखरं भितात. नंदा परत येईल ती गुढीपाडव्याला. विलास तेव्हाही घरीच असेल.